तिसरं नाव

गच्चीवरच्या टाकीचा वॉल रात्री बंद करायचं काम आमच्या सोसायटीत गुणाजी कदम करतात. कोणी त्यांना दिलेलं नाही, त्यांनीच घेतलंय. वॉल उघडा राहिला की टाकी भरून वाहते आणि सकाळी सगळी बिल्डिंग एकमेकांना शिव्या घालते, एवढंच ते काम. त्या शुक्रवारी साडेदहाच्या सुमाराला ते वर आले तेव्हा मी खुर्ची टाकून बसलेच होते. खाली टीव्ही लागलेला असतो. त्यापेक्षा बोरीवलीचे डास परवडले.

गच्चीच्या मधोमध एक तंबू उभा होता. हिरवा, चारेक माणसं आडवी होतील एवढा. त्याच्या दोऱ्या पाण्याच्या पाइपांना बांधलेल्या आणि कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या. सुबोध, सई आणि शिवदास ही आमच्याच बिल्डिंगमधली तीन कार्टी दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे रॉकच्या कार्यक्रमाला निघाली होती. रात्र तिथेच मैदानात काढायची म्हणून तंबू उभारून बघत होती. आज रात्री यातच झोपणार, म्हणे सराव.

शिवदास मोबाइलवर मागच्या एका कार्यक्रमातला व्हिडिओ दाखवत होता आणि सई हसून वाकडी झाली होती.

"बघ बघ, हा पडला. आणि हा मी. त्याच्या पाठीवर पाय दिला आणि काय उंच उडी गेली यार. तीन हजार जणांनी बघितलाय."

"त्याचं पुढे काय झालं रे?" सुबोधने विचारलं.

"मला काय माहीत. गाणं संपल्यावर बघायला थांबतो काय कोण?"

गुणाजींनी वॉल पिळला. मग तंबूच्या कापडावरून हात फिरवला. दाराजवळ एक गोल भोक होतं, मच्छर अगरबत्तीने जळल्यासारखं. त्यावर निळा तुकडा चिकटवलेला.

"तंबू कुठून आणलात?"

"फुकट मिळाला काका," सई म्हणाली. "मुलुंडच्या एकाने नेटवर टाकलेला. ज्याला हवा त्याने घेऊन जा."

गुणाजी तो निळा तुकडा बघत राहिले. रोज ते वॉल बंद करून थेट खाली जातात. त्या रात्री टाकीच्या कठड्यावर बसले.

"मोबाइल ठेव तो," शिवदासला म्हणाले. "एक सांगतो. माझ्या घरातली गोष्ट आहे. झोप उडाली तर मला दोष देऊ नका."

पुढचं त्यांच्याच तोंडून.

*

माझ्या धाकट्या भावाची मुलगी रुचिरा. तिचा साखरपुडा झाला होता, मे महिन्यात लग्न धरलेलं. मुलगा देवेश, मुलुंडचा. नोकरी चांगली, घर चांगलं, बोलायला गोड. पण एका बँडचं वेड. वेड म्हणजे काय, तर त्या चार माणसांवर याचा सातबारा असल्यासारखा बोलायचा. बँडचं नाव मला उच्चारता येत नाही, तुम्हाला ठाऊक असेल, जाऊ दे.

तीन वर्षं झाली. पौषातली अमावास्या, शनिवार आलेला. गोराईच्या बाजूला, गावाच्या मागे एका मोकळ्या मैदानावर दोन दिवसांचा कार्यक्रम होता. हे चौघं गेले. देवेश, रुचिरा, आणि देवेशचे दोन मित्र, राजेश आणि क्रिस. क्रिस तिथलाच, गावात त्याच्या मावशीचं घर. मैदानाला लागून भातशेतं. भात कापून झालेलं, खुंट राहिलेले, जमीन वाळून दगड. त्या शेतात तंबू टाकायचे.

गेटवर मनगटाला कापडी पट्टी बांधतात. तुम्हाला उद्या बांधतील. तिच्यात एक मणी असतो. ओढली की घट्ट होते, सैल होत नाही. काढायची तर कापायची. कोणी दुसऱ्याला देऊ नये म्हणून. हे लक्षात ठेवा.

दुपारी यांनी दोन तंबू टाकले. एका हिरव्यात देवेश-रुचिरा, शेजारच्यात ते दोघे. क्रिसच्या मावशीने डबाभर फुगियास, ते गोल तळलेले पाव, दिले होते, ते खात बसले. देवेश रुचिराला समजावत होता. तिची ही पहिलीच वेळ.

"आत शिरलो की धक्काबुक्की होणार, घाबरायचं नाही. आमच्यात एक नियम आहे. कोणी पडला की चौघांनी गोल करायचा आणि त्याला उचलायचं. गाणं गेलं तेल लावत. बाहेरच्यांना आम्ही जंगली वाटतो, पण हा आमचा धर्म आहे."

रुचिराला बरं वाटलं ते ऐकून. तिने मला सांगितलं, काका, मला वाटलं मी बरोबर माणूस निवडला.

तेवढ्यात एक मुलगी आली. एकटी. घाटकोपरची, नाव जान्हवी. अंगात त्याच बँडचा टी-शर्ट, दोन मापं मोठा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. शेजारी तंबू लावायला लागली. एकाच माणसाचा, एवढासा. जमिनीत खिळा शिरेना. दगडाने ठोकते, खिळा वाकतो. दोघे मित्र बघून खिदळायला लागले. रुचिरा उठली, तिच्यासोबत खिळे ठोकले, दोन फुगियास दिले.

देवेश बसल्या जागेवरून म्हणाला, "टी-शर्ट कोणाचा गं? भावाचा?"

"माझाच."

"ऐकतेस की नुसता घालतेस?"

"ऐकते."

"मग तीन नावं सांग. तीन गाण्यांची. सगळ्यांना माहीत असलेली नकोत."

हा यांचा धंदाच होता. पोरगी दिसली की परीक्षा. पोरांना नाही विचारायचे. आजूबाजूच्या तंबूंतली पोरंही गोळा झाली. कोणीतरी मोबाइल वर केला.

ती हळू म्हणाली, "लोखंड."

"बरोबर."

"रात्रपाळी."

"बरोबर. तिसरं?"

तिने जरा विचार केला. म्हणाली, "आईचा नंबर."

देवेश हसला. "असलं गाणंच नाही. चुकलं."

"आहे. त्यांनी एकदाच वाजवलंय. आमच्या कॉलेजात, खूप आधी. तीसेक जण होतो."

"चुकलं, बाई. आठ वर्षं ऐकतोय. टी-शर्ट काढून भावाला परत दे."

पोरं हसली. राजेशने तर तंबूवर ताल धरला. चु-कलं, चु-कलं. शेतभर तो ताल गेला. ती आपल्या तंबूत शिरली आणि आतून चेन ओढून घेतली.

रुचिरा म्हणाली, "कशाला रे तिला?"

"गंमत गं. तू पण ना."

संध्याकाळी मैदान भरलं. हे चौघं अगदी पुढे, लोखंडी कठड्याला चिकटून. ती जागा मिळवायला देवेश चार वाजल्यापासून उन्हात उभा होता. तिथून हात लांब केला तर गाणाऱ्याच्या बुटाला लागेल. जान्हवी कुठूनशी येऊन त्यांच्या मागेच उभी राहिलेली. एवढीशी पोरगी, वाट काढून आली असेल.

साडेआठच्या पुढे गाणारा मध्येच थांबला. म्हणाला, हे गाणं आम्ही एकदाच वाजवलंय. एका कॉलेजात. त्या दिवशी जे होते त्यांनी हात वर करा.

एवढ्या गर्दीत एक हात वर गेला.

कॅमेरा फिरला. तो हात मोठ्या पडद्यावर आला. बारीक मनगट, त्यावर गेटवरची नारिंगी पट्टी, आणि खाली तिचा चेहरा. गाणारा म्हणाला, मग हे तुझं. 'आईचा नंबर.'

दुपारी हसलेली सगळी पोरं तिथेच होती. सगळ्यांनी देवेशकडे बघितलं. तिनेही बघितलं. रुचिरा म्हणते, तिचं हसणं चिडवायचं नव्हतं. आनंद झाला होता तिला, आणि जवळ ओळखीचा चेहरा तेवढा एकच होता, म्हणून त्याच्याकडे बघून हसली.

पण देवेशचं तोंड... रुचिराने असं तोंड पूर्वी बघितलं नव्हतं.

ड्रम सुरू झाला. मागून लोंढा आला. ती पडली.

देवेशच्या पायाशी पडली. दोन हातांवर. त्याने खाली बघितलं. नीट बघितलं. आणि पुन्हा स्टेजकडे तोंड केलं.

राजेश आणि क्रिस उड्या मारत होते. त्यांना कळलं होतं पायाखाली काय आहे. क्रिसने एकदा खाली बघितलं, राजेशला कोपराने ढोसलं, दोघे हसले. आणि उड्या मारत राहिले. तालात.

रुचिरा एकटी वाकली. मनगट सापडलं तिला. ती पट्टी लागली बोटांना. त्या हाताने हिचा हात धरला, घट्ट. हिने ओढलं. अर्धी वर आलीच होती. तेवढ्यात देवेशने रुचिराचा दुसरा दंड धरून खेचलं.

"सोड. उठेल ती. जागा जाईल आपली."

हात सुटला.

*

"काका," सई म्हणाली, "हे खरं आहे?"

"मी गोष्टी रचत नाही, बाय. मला तेवढी अक्कल नाही."

शिवदासने मोबाइल खिशात घातला होता. सुबोध म्हणाला, "मग भूत कुठेय यात?"

"गप रव जरा," गुणाजी म्हणाले. "येतंय."

*

कार्यक्रम संपला. हे शेतात परत आले. शेजारचा छोटा तंबू अंधारात. चेन बंद.

रुचिरा म्हणाली, "जान्हवी आलेली नाही."

"घरी गेली असेल."

"शेवटची बोट कधीच गेली. कशी जाईल?"

"रिक्षा असतात."

"मी त्या मदतवाल्या तंबूत जाऊन विचारून येते."

देवेशने तिचा हात धरला. "काय विचारशील? आणि ते विचारतील तेव्हा काय सांगशील? बाजूला कोण होतं? आपण चौघं. मेमध्ये लग्न आहे आपलं. जरा डोकं चालव."

ती गेली नाही. हे ती मला सांगताना रडली नाही. नुसती भिंतीकडे बघत होती.

खरं काय झालं होतं ते यांना सकाळी कळलं. पोरीला नऊलाच स्टेजच्या मागून बाहेर काढलं होतं. तेव्हाच संपली होती. कार्यक्रम थांबू नये म्हणून कोणी बोललं नाही. पुढे अजून दोन तास गाणी झाली.

म्हणजे हे तंबूत आडवे झाले तेव्हा ती खाडीच्या या बाजूला, शवागारात होती. हे डोक्यात ठेवा आणि पुढचं ऐका.

पावणेतीन झाले असतील. रुचिराचा डोळा लागलेला नव्हता. शेत गप्प. शेजारून राजेशचं घोरणं. तंबूच्या कापडावर उजेड पडला.

जान्हवीच्या तंबूत दिवा लागला होता.

आत कोणीतरी बसलेलं. सावली दिसत होती. मान खाली. टी-शर्ट मोठा, खांद्यावरून घसरलेला.

रुचिराचा जीव भांड्यात पडला. तिने देवेशला हलवलं. "आली रे. बघ, आली."

तो उठून बसला. बघितलं. हसला. "सांगत होतो ना. उगाच जिवाला घोर." आणि मोठ्याने म्हणाला, "काय मॅडम, तिसरं बरोबर निघालं तुमचं."

सावली हलली नाही.

"राग आला काय?"

उजेड गेला.

चेन उघडल्याचा आवाज आला नाही. पावलं वाजली नाहीत. भाताचे वाळलेले खुंट असतात, मांजर गेलं तरी वाजतात. काही वाजलं नाही. पण यांच्या तंबूच्या कापडावर, दाराजवळ, बाहेरून बोटं टेकली. पाच. कापड आत दबलं.

"देवेश."

तिचाच आवाज. हळू. दुपारसारखाच.

"क... काय?"

"तीन नावं सांग."

"कसली नावं?"

"माझ्यावर कोण कोण होतं."

देवेश हसायला गेला. अर्धंच हसू बाहेर आलं.

"तीन," ती म्हणाली.

रुचिराने त्याचा हात धरला. त्याने तिचा घट्ट धरला.

"आम्ही... मी बघितलं नाही गं. गर्दी होती..."

काही नाही. नुसती बोटं. कापडावर.

किती वेळ गेला माहीत नाही. मग देवेश म्हणाला,

"राजेश."

"बरोबर."

शेजारचं घोरणं थांबलं.

मध्येच. श्वास आत घेतलेला, तो बाहेर आलाच नाही. आणि एक आवाज सुरू झाला. धप. धप. धप. मऊ जमिनीवर पाय आपटावेत तसा. खूप पाय. पण त्या शेतात जमीन दगड होती... आणि आवाज शेजारच्या तंबूतून येत होता. तालात. रुचिराने ओळखला तो ताल. ड्रम सुरू झाला तेव्हाचा.

ती ओरडायला गेली. देवेशने तिच्या तोंडावर हात दाबला.

"दुसरं," बाहेरून.

"क्रिस," तो म्हणाला. लगेच. विचार न करता.

"बरोबर."

क्रिसने हाक मारली. एकदाच. देवासाठी का आईसाठी, कळलं नाही. ती पुरी झाली नाही. धप. धप. धप.

मग थांबलं.

सगळं थांबलं.

"तिसरं."

देवेशने एका हाताने रुचिराचं तोंड दाबलेलं. दुसऱ्या हातात तिचा हात. साखरपुड्याची अंगठी तिच्या बोटात, ती त्याच्या बोटांना रुतत होती. तिने त्याच्याकडे बघितलं. अंधार होता, पण बघितलं. तिला वाटलं, आता हा स्वतःचं नाव सांगेल. तिला खरंच वाटलं. ती मला म्हणाली, काका, त्या क्षणी मी देवाला म्हटलं, याला वाचव.

"तिसरं..."

"रुचिरा," देवेश म्हणाला.

तिचा हात हातात धरून म्हणाला.

बोटं कापडावरून सरकत आली. दारापासून तिच्या बाजूला. तिच्या हाताजवळ थांबली. कापडातूनच एक हात तिच्या मनगटाभोवती आला. गार. घट्ट. जसा मैदानात धरला होता तसा. आणि थोडा वेळ तसाच राहिला.

मग बाहेरून आवाज आला. देवेश दुपारी ज्या सुरात बोलला होता, तोच सूर.

"चुकलं."

*

गुणाजी थांबले. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तंबूची एक दोरी सैल झाली होती, सुबोधने ती बघितली पण घट्ट करायला उठला नाही.

"सकाळी?" सई म्हणाली.

"सकाळी राजेश आणि क्रिस त्यांच्या तंबूत मेलेले. चेन आतून बंद. तंबू उभा, एक खिळा हललेला नाही. दोघांच्या बरगड्या मोडलेल्या. डॉक्टर म्हणाला, गर्दीत चेंगरलेत. पोलीस म्हणाले, तंबूत दोघंच होते. डॉक्टर आणि पोलीस, दोघेही आपापल्या जागी बरोबर. क्रिसची मावशी आली आणि त्या बांधावर जी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही."

"आणि जान्हवीच्या तंबूत?"

"काही नाही. गादी गुंडाळलेली, तिची दोरीसुद्धा सोडलेली नाही. त्यात ना दिवा, ना टॉर्च. मोबाइल तिच्या खिशात होता, तो शवागारात. बापाने ओळखलं तिला. त्याने एकच विचारलं. सगळ्यांच्या हातावर पट्ट्या असतात ना, मग हिची कुठाय? पडद्यावर तर दिसली होती सगळ्यांना. मनगटावर नुसता वळ होता. पट्टी नव्हती."

"कापली असेल डॉक्टरने."

"कोणी कापली नाही."

रुचिराने अंगठी परत केली, पोलिसांना सगळं सांगितलं, असं गुणाजी म्हणाले. त्यांनी पडल्याचं तेवढं लिहून घेतलं. बाकीचं ऐकून चहा मागवला तिच्यासाठी. पोरगी आता बाहेरगावी असते, गाणं लागलं की उठून जाते.

"पण काका," सुबोध म्हणाला, "तिसरं नाव तर त्या देवेशचंच ना? सरळ आहे. सांगून मोकळा का होत नाही?"

"तू झाला असतास?"

सुबोध नखाने गच्चीचा कोबा खरवडायला लागला.

"ती अजून विचारते त्याला. रोज रात्री. त्याची आईच सांगत होती माझ्या भावजयीला. पोरगा झोपत नाही. दाराशी बसतो आणि नावं घेतो. वॉचमनचं घेतलं. दूधवाल्याचं घेतलं. रोज नवीन. ज्यांचं नाव घेतो त्यांच्याकडे ती जाते म्हणतात. बघून जाते. आणि येऊन त्याला सांगते, चुकलं. म्हणून त्याला रोज नवीन माणूस लागतो. भेटेल त्याचं नाव विचारतो. अगदी पूर्ण नाव."

गुणाजी उठले. कठड्यावरची धूळ झटकली.

सईचा आवाज लहान झाला होता. "काका... त्या मुलुंडवाल्याने... तंबू देताना..."

"काय?"

तिने सुबोधकडे बघितलं. सुबोध म्हणाला, "त्याने आमची नावं विचारली होती. तिघांची. आम्हाला वाटलं, सहज. दोनदा विचारली. आडनावासकट."

"दार पूर्ण उघडलंच नाही त्याने," सई म्हणाली. "फटीतूनच..."

गुणाजींना ते आधीच ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दगड असतो तसं तोंड. जिन्याकडे जाता जाता थांबले.

"तुम्हाला भ्यायचं कारण नाही. त्या पोरीवर तुमच्यातलं कोणी नव्हतं. ती बघेल आणि जाईल." मग शिवदासकडे वळले. "ज्याने पडलेल्याच्या पाठीवर पाय दिला नाही, त्याचं नाव चुकीचंच असतं."

आणि खाली गेले. चपलांचा आवाज तीन मजले ऐकू आला.

सई आणि सुबोध पाच मिनिटांत उठून घरी गेली. काही गोळा केलं नाही. शिवदास हसला. जोरात. "म्हातारा सॉलिड आहे यार," मला म्हणाला. "आजी, तुम्ही पण घाबरलात काय?"

मी म्हटलं, "मी कोणाच्या पाठीवर उडी मारली नाही. मी कशाला घाबरू?"

तो तंबूत शिरला आणि आतून चेन लावून घेतली. माझ्यासमोर. मी त्याला घरी जा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं नंतर लोक म्हणाले. म्हणू देत.

रात्री उशिरा माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर आवाज येत होता. मी वरच्या मजल्यावर राहते. टाकीत पाणी पडतं तसा आवाज नव्हता. वॉल तर बंद होता.

सकाळी सईच्या वडिलांनी तंबूची चेन कापली. शिवदास जिवंत होता. उताणा पडलेला, डोळे उघडे, छातीवर दोन्ही हात आडवे धरलेले, वरून काही येत असल्यासारखे. बोलला नाही. आजपर्यंत बोललेला नाही.

त्यांच्या कार्यक्रमाच्या पट्ट्या अजून मिळाल्या नव्हत्या. त्या दुपारी गेटवर मिळणार होत्या.

शिवदासच्या डाव्या मनगटावर एक कापडी पट्टी होती. नारिंगी, विटलेली, तीन वर्षांपूर्वीची तारीख छापलेली. मणी जागेवर, पट्टी कुठेही कापलेली किंवा शिवलेली नाही. आणि इतकी लहान, की त्याच्या एवढ्या मोठ्या पंजातून ती मनगटापर्यंत गेली कशी, हे डॉक्टरने दोन वेळा मोजून बघितलं आणि मग हात खाली ठेवला.